लाल रंगाखालचा पत्रा

मी एक जुनी कॉन्टेसा गाडी. पांढरकवड्याजवळ, हमरस्त्याला लागून असलेल्या उकंडा पेंटरच्या शेडमधून बोलतेय. बाहेरून भरलेला ट्रक गेला, की हल्ली माझं अंग थरथरतं.

माझा जन्म कलकत्त्याजवळच्या कारखान्यातला. लांब बोनेट, रुंद पाठ, पांढराशुभ्र रंग. काही वर्षं नागपूरच्या एका ठेकेदाराकडे मिरवले. मग इथल्या बंजारा तांड्यावरच्या धरमसिंगने मला घेतलं. तो सवाऱ्या नेई. त्याचा पाय मोडला तेव्हा त्याच्या बायकोने, रुपीबाईने, पदर खोचून स्टिअरिंग हाती घेतलं. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं असलं, की सारा तांडा तिच्याच दारात. खड्ड्यात ती मला इतकी अलगद उतरवी, की मागे झोपलेल्या बाईला कळतही नसे.

पुढे घरात जीप आली आणि मी गोठ्याशेजारी उभी राहिले. माणसांची एक सवय आहे. जी गाडी चालत नाही, तिचं ते कोठार करतात. माझ्यात युरियाची पोती रचली. पावसाळ्यात ती पाझरली, अन् ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा आतल्या आत सडत गेला. वरून कुणाला दिसत नव्हतं. मला मात्र कळत होतं.

यंदा त्यांच्या मुलाचं, इंद्रजीतचं, लग्न ठरलं. नवरी याच गाडीतून आणायची, असं त्याच्या मनाने घेतलं. इंजिन सुरू झालं, मला इथे आणलं, जुना रंग घासायला लागले. माझा जीव टांगणीला लागला. आता तरी कुणी खाली वाकून बघेल का?

उकंडाने बघितलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. हा पत्रा कापून नवा जोडावा लागेल, रंग मागाहून, असं त्याने सांगितलं. इंद्रजीतने बोटांवर दिवस मोजले.

"लग्न तोंडावर आलं, भाऊ. आता पुट्टी भर. मंग पाहू."

उकंडा कुरकुरला, पण त्याने सडक्या जागी पुट्टीचा लगदा भरून वरून सारखं केलं. वर लालभडक रंग चढला, बोनेटवर दोन काळे पट्टे आले. रस्त्याने जाणारे थांबून बघत. ते जितकं कौतुक करत, तितकी मी धास्तावत होते. माझ्यात कोण बसणार, कुठवर जाणार, आणि ती जागा कधी दगा देणार?

मग धरमसिंग आणि रुपीबाई मला बघायला आले. धरमसिंग हरखून माझ्याभोवती फिरला. रुपीबाईने दार उघडलं. ते आधार सुटल्यासारखं खाली बसलं आणि त्याचा कोपरा नव्या रंगावर खरडला. तिने दार लावून पुन्हा उघडलं. आत बसून पायाखालच्या पत्र्यावर टाच दाबून पाहिली. मग उतरली.

"इंदर, दार खाली बसून राह्यलं. काहून?"

नवं काम आहे, जरा आवळावं लागेल, असं तो म्हणाला. तिने उकंडाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"खालचा पत्रा गेला हाय, बाई. तिथं पुट्टी हाय."

ती रागावली नाही. इंद्रजीतकडे वळली.

"नवरीले कोणाच्या भरोशावर बसवून राह्यला तू?"

"याडी, एका दिवसाचा तर सवाल होता," तो आईला म्हणाला.

"खड्डा एकच लागते, बाबू."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. त्याने उकंडाच्या हातातली छिन्नी घेतली आणि पुट्टी स्वतः फोडायला बसला.

नवरी जीपमधून आली. मी इथे जॅकवर उभी आहे. सीट काढल्या आहेत, पोटातून खालची माती दिसते. वेल्डिंगच्या आचेने लाल रंग जागोजागी जळाला आहे. माझं दार पेलणारा खांबही आतून पोकळ वाटतो, असं उकंडा काल म्हणाला. आज तो हातोडीने ठोकून बघणार आहे.

तो आवाज कसा येईल, मला माहीत नाही. खणखणीत आला तर मला पुन्हा रस्त्यावर न्या. बद्द आला तर खुशाल मोडीत काढा. पण मला सजवून, माझं दुखणं झाकून, कुणाच्या लेकीला माझ्यात बसवू नका.