झाकणावरचा इस्क्रू

कारभारीनं दोरी ओढली. पुन्हा ओढली. दंड भरून आला, तरी मोटर नुसती खोकायची आणि गप्प व्हायची. धरणाच्या मधोमध नाव आडवी फिरली. आत सात माणसं, आणि राहुरीच्या बाजाराला शेळी घेऊन निघालेली गोजरबाई.

"तुझ्या मोटरीपरीस माझी शेळी बरी," ती म्हणाली. "हाकलली की चालती तरी."

कारभारीचं रान धरणात बुडालं आणि त्याच्या पदरात पडली ही नावेची फेरी. पाणी चढलं, बांबू तळाला टेकेना, म्हणून सोसायटीनं महिन्यापूर्वी नवी मोटर बसवली. चेअरमन आप्पासाहेबांनी बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत मोटर नीट चालली नाही तर मोटर आणि फेरी दोन्ही त्यांच्या भाच्याकडं. भाच्याला पोहता येत नव्हतं, पण मॅट्रिक होता ना! मोटरीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आप्पासाहेबांच्या कपाटात कुलूपबंद. ते त्यांनी वाचलं नव्हतं आणि दुसऱ्याला दिलंही नव्हतं.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची कारभारीला नस न नस ठाऊक होती. हे भूत निराळं. काठावर झटक्यात सुरू व्हायचं, पाच मिनिटं इमानानं चालायचं आणि ऐन मध्यावर मान टाकायचं. प्लग पुसून झाला, नळी फुंकून झाली, नारळसुद्धा फोडून झाला.

वैतागून त्यानं पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं. टाकीनं सुस्स करून हवा आत ओढली. झाकण लावून त्यानं दोरी ओढली, तर मोटर सुरू.

"आरं येड्या, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं व्हय?" गोजरबाई म्हणाली. "वारं आत जायला दुसरं लागतंच की."

झाकणावर बारीक इस्क्रू होता, वारं आत घेण्यासाठीच. आणि तो रोज सकाळी करकचून आवळत होते खुद्द आप्पासाहेब. पेट्रोल महागलंय आणि ते उडून जातं, एवढं शास्त्र त्यांना पुरेसं होतं.

कारभारीनं त्याच दिवशी त्यांना गाठलं. "आप्पासाहेब, त्यो इस्क्रू चालवताना ढिला ठेवायचा असतुया."

"कुणी सांगितलं?"

"गोजरबाईनं."

आप्पासाहेब हसले. सोबतची चार माणसंही हसली, कारण आप्पासाहेब हसले होते.

शुक्रवारी ते स्वतः नावेत बसले, टाकीला चिकटून. कारभारीनं इस्क्रू ढिला केला, त्यांनी आवळला. त्यानं परत ढिला केला, त्यांनी परत आवळला आणि वर हात ठेवला. मध्यावर मोटर मेली.

"बघा," आप्पासाहेब सगळ्यांना म्हणाले, "याच्या हाताला यशच न्हाई."

कारभारीचं डोकं भणभणलं. त्यानं त्यांचा हात मनगटाला धरून बाजूला केला. इस्क्रू फिरवत फिरवत पार बाहेर काढला आणि पाण्यात फेकून दिला. मग दोरी ओढली. मोटर एका हिसक्यात सुरू झाली आणि नाव पलीकडच्या काठाकडं निघाली.

आप्पासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "उद्यापासून या मोटरीला हात लावायचा न्हाई तू."

"न्हाई लावत," कारभारी म्हणाला. "भाच्याला द्या. आता कुणाच्याबी हातात चालंल ती. बसा खाली, नाव कलतीया."