विहिरीवरची राखण

यंदा रतिलालनानांच्या विहिरीनं चैत्रातच तळ दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून मला त्या मळ्याकडे पाहवत नव्हतं. पण माझा बांध त्यांच्या बांधाला लागून, त्यामुळे पाहिल्यावाचून सुटका नव्हती. आमच्या चोपड्याकडच्या उन्हात केळीचं पाणी चुकलं की ती मान टाकते, आणि नानांची बाग तर ऐन घडावर आलेली होती.

नानांचा मुलगा हितेंद्र पुण्याची नोकरी सोडून घरी आला होता. पोरगा गुणी होता, कामालाही कमी नव्हता. फक्त त्याला कुठलीही गोष्ट हातानं केलेली बघवत नसे. आल्या आल्या त्यानं विहिरीवरचा जुना स्टार्टर भंगारात दिला आणि तिथं एका कंपनीची पांढरी पेटी बसवली. पेटीला ना दांडा ना बटण, वर कुलूप, आणि किल्ली कंपनीच्या माणसाकडे. बागेत जागोजागी जमिनीत सळया खोचल्या होत्या. माती सुकली की सळया पेटीला कळवणार, पेटी मोबाईलला कळवणार आणि मोटार सुरू होणार. धुळ्याला मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यानं इकडची मोटार चालू करून दाखवली होती म्हणे, आणि वऱ्हाडी तोंडात बोट घालून बघत राहिले. मी त्या वेळी इथं बांधावर होतो. बागेत माणूस नाही, कुत्रं नाही, आणि मोटार आपली आपण घुंघुं करायला लागली. खरं सांगतो, मला त्या दिवशी भीती वाटली.

जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. रात्रीच्या लाइटीला पाणी भरताना आमच्या शिवारातली माणसं सापानं गेली आहेत, आणि थंडीत फुटलेले माझे हात मी विसरलेलो नाही. पण त्या काळी एक रीत होती आणि तिच्यावर आम्ही जीव टाकून निर्धास्त असायचो. विहिरीत कुणी उतरला की वर राखण बसायची. राखणदार स्टार्टरला टेकून बसणार, आपला रुमाल दांड्याला गुंडाळणार, आणि मग प्रत्यक्ष देव आला तरी दांड्याला हात लावणार नाही, दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही. माझे वडील गाळ काढायला उतरले होते तेव्हा नाना राखणीला होते. विहिरीच्या पाण्यातला वाटेकरी हिलाल काठी घेऊन आला, पाण्याची पाळी वाया चालली म्हणून आईबहिणीवरून बोलला, शेवटी नानांच्या खांद्यावर काठी बसली. नाना जागचे हलले नाहीत. माझे वडील वर आले तेव्हा ते नानांच्या पाया पडले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नाना त्यांच्यापेक्षा वयानं लहान होते.

वैशाखात नानांच्या मोटारीच्या जाळीत पालापाचोळा अडकला आणि पाणी यायचं थांबलं. असल्या कामाला पूर्वी गावातला पुना नावाचा गडी यायचा. तो केव्हाच सुरतेला निघून गेला, आणि आता विहिरीत उतरायला माणूस मिळत नाही. हितेंद्र म्हणाला, मीच उतरतो. नानांनी त्याला आधी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर जाऊन फ्यूज काढून यायला सांगितलं. डीपी पार शिवाराच्या दुसऱ्या टोकाला, आणि फ्यूज काढला की सगळ्यांच्याच मोटारी बंद पडणार. हितेंद्र हसला. त्यानं मोबाईलवरून मोटार बंद केली, नानांना दाखवली, आणि भिजू नये म्हणून फोन त्यांच्याच हातात दिला.

"आता हाच आपला स्टार्टर समजा, नाना. याच्यावर राखण ठेवा."

मी माझ्या बांधावर केळीची वाळलेली पानं कापत होतो, तिथून सगळं दिसत होतं. पेटीला दांडाच नव्हता, म्हणून नानांनी रुमाल जमिनीवर अंथरला, त्यावर फोन ठेवला आणि दोन्ही हात काखेत घालून समोर बसले. म्हाताऱ्याची ती ऐट पाहून मला हसू आलं. हितेंद्र लोखंडी पायऱ्यांनी खाली गेला. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला, मग त्याचं गुणगुणणं.

तेवढ्यात फोन वाजला. घंटी नव्हे, नुसता टिंग असा आवाज. नानांनी वाकून पाहिलं आणि विहिरीत हाक दिली.

"हितेंद्र, तुन्हा फोन वाजी ऱ्हायना."

"वाजू द्या, नाना," खालून घुमत आवाज आला. "हात नका लावू."

नाना पुन्हा बसले. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी हाकही दिली नाही, हात काखेत आणखी घट्ट धरले आणि मान दुसरीकडे फिरवली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी कोयता खाली ठेवला. आणि मोटार घुंघुं करायला लागली.

मी डीपीकडे धावलो. किती जोरात धावलो ते सांगून काही उपयोग नाही. वायर कुठंतरी घासली गेली होती, सगळं पाणीच करंटचं झालं होतं. आम्ही त्याला वर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत जाळीतला पाला तसाच होता.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं पहिलाच प्रश्न विचारला, मोटार कुणी चालू केली? कुणीच नाही. त्याला ते पटेना, पण लिहायला नावच नव्हतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नाना एकच वाक्य सांगायचे, "मी हातबी लावा नही." लोक म्हणायचे, तुम्ही बरोबर केलं, नाना, तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. मीही तेच म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. त्या एका वाक्यावर म्हातारा अन्न खात होता. नानांच्या पत्नी सुनंदाबाई त्यांना घास भरवताना तेच वाक्य परत परत म्हणायच्या, "तुम्ही हातबी लावा नही."

दहाव्यानंतर कंपनीचा योगेंद्र आला. कोवळा पोरगा, घाबरलेला. आम्ही त्याला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, बंद केलेली मोटार सुरू झालीच कशी? त्यानं हितेंद्रच्या बायकोकडून, कामिनीकडून, तो फोन मागून घेतला आणि आम्हाला दाखवलं. बाग फार सुकली तर पेटी बंद मोटारसुद्धा चालू करते. त्याआधी ती तीनदा विचारते. नको असेल तर लाल गोलावर बोट ठेवायचं. कुणी काहीच केलं नाही तर पेटी समजते की हरकत नाही. विचारते इंग्रजीत. मराठीची सोय लवकरच येणार आहे, असंही तो सांगत होता, तेव्हा मी त्याच्या हाताला चिमटा काढला. पण उशीर झाला होता. नाना आतून येऊन दाराशी उभे होते.

"मी त्या लालवर बोट ठेवं ऱ्हातं तं?"

कुणीतरी खोटं बोलायला हवं होतं. आम्ही एवढे जाणते बसलो होतो, पण उत्तर त्या पोरानंच दिलं. पोरगा प्रामाणिक होता.

"तर थांबली असती, नाना."

नाना रडले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांनी योगेंद्रच्या हातातून फोन घेतला आणि मळ्याची वाट धरली.

तेव्हापासून ते विहिरीवर बसून आहेत. फोन टिंग वाजला की लाल गोलावर बोट ठेवतात. सळया ओरडताहेत, पेटी विचारते आहे, नाना नाही म्हणताहेत. सुनंदाबाई भाकरी तिथंच घेऊन जातात, आणि फोन चार्ज करायचा असला की कामिनी घरून बॅटरी आणून लावते. फोन काढून घ्यायची तिची छाती झाली नाही, माझीही नाही. वैशाखाच्या त्या उन्हात बाग उभी जळाली. घड काळे पडून लोंबू लागले, खोडं मध्येच मोडून पडली, आणि वारा सुटला की वाळल्या पानांचा आवाज माझ्या घरापर्यंत येतो. शिवारात मात्र यंदा आणखी पेट्या बसल्या. माझ्या भूषणनंही पैसे भरून टाकलेत. घरात माझं कोण ऐकतं?

काल मला राहवलं नाही. मी नानांजवळ जाऊन उकिडवा बसलो आणि म्हणालो, "नाना, केळी जळी गयी. बठ्ठी बाग गयी. आते उठा."

त्यांनी फोनवरची नजर काढली नाही.

"जळू दे," ते म्हणाले. "मन्हा पोऱ्या खाले शे, मगन. तो वर ऊना की मंग उठसू."