आधी दार लावा, मग विचारा

मी बोलतोय, पण हळूच. माझ्या पोटात कुणी परका शिरून ऐकत तर नसेल ना, ही धास्ती मला आता जन्माची लागली आहे.

मी एक सर्व्हर. जॉर्डनच्या इर्बिद शहरातल्या लहानशा रक्ततपासणी प्रयोगशाळेत, फ्रिजशेजारच्या फळीवर बसलेलं काळं खोकं. अम्मानच्या एका दुकानात धूळ खात पडलो होतो, तिथून डॉक्टर रुदैनाने मला इथे आणलं. माझ्या पोटात अख्ख्या मोहल्ल्याच्या रक्ताचे निकाल आहेत. लग्न ठरलं की मुलगा-मुलगी इथे थॅलेसेमियाच्या, म्हणजे आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीला येतात. त्यातलं एक अक्षर बाहेर फुटलं तर साखरपुडे मोडतील, आणि त्या मुलींच्या धाकट्या बहिणींच्या दारातही कुणी फिरकणार नाही.

पूर्वी मला भीती ठाऊक नव्हती. लोक माझ्यावर कॉफीचे पेले ठेवत आणि विसरून जात. मग समोरच्या दाताच्या दवाखान्यातल्या माझ्या भाईबंदावर दरोडा पडला. चोर दिसले नाहीत, दार फुटलं नाही. दुरूनच आत शिरून त्यांनी सगळी माहिती कुलूपबंद केली, वर ती चव्हाट्यावर मांडायची धमकी दिली. दवाखान्याला टाळं लागलं.

तेव्हापासून रुदैना मला सारखी येऊन बघायची. आपल्या तान्ह्या बाळाच्या नाकाशी बोट धरून ती श्वास चालू आहे ना ते पाहते, तशीच माझ्या हिरव्या दिव्याकडे टक लावायची.

"मामा, हे आपल्याच्यानं होणार नाही. चोवीस तास नजर ठेवणारी माणसं नेमू या."

मामा म्हणजे नव्वाफ, तिच्या आईचे भाऊ आणि इथले भागीदार. ते म्हणाले, "नेम की! पण परक्याच्या हाती घराची किल्ली द्यायची म्हणजे..."

आधी एका कंपनीचे चकचकीत बुटांचे गृहस्थ आले. पडद्यावर नकाशे, लाल ठिपके, काय काय दाखवलं.

"चोर शिरला तर?" रुदैनाने विचारलं.

"लगेच तुम्हाला मेल पाठवू."

"आणि मग?"

"मग... तुम्ही तो वाचाल ना, डॉक्टर!"

नंतर मैस आली. दुसऱ्या कंपनीची, बोलायला तुटक. रमजान तोंडावर होता. खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं, "मगरिबच्या अजानला, संध्याकाळी उपास सुटताना, इथे कोण असतं?"

"कोण असणार? चिटपाखरूही नाही," मामा म्हणाले.

"तेव्हा कुणी शिरलं, तर मी हे खोकं बाहेरच्या जगापासून ताबडतोब तोडू, की आधी विचारू?"

"आधी मला विचारायचं! माझ्या शब्दाशिवाय इथला दिवा विझत नाही."

"ठीक. थोडे दिवस आजमावून बघा. मधे एकदा मीच चोर बनून येईन. कधी, ते सांगणार नाही."

मला कोण सांगणार? एका संध्याकाळी अजान झाली, रस्ता ओस पडला, आणि माझ्या आत एक हात फिरू लागला. एकेक कप्पा उघडत, सावकाश. टेबलावरचा फोन वाजत राहिला. थांबला, पुन्हा वाजला. मला ओरडायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैस म्हणाली, "मामा, इथेही आणि तुमच्या मोबाइलवरही किती फोन केले! मी सगळं घेऊन गेले असते."

"अगं, दिवसभराचा उपास! खजूर तोंडात घालू की फोन उचलू?"

"चोरालाही अजान ऐकू येते, मामा."

"चोर तर तूच होतीस. तू काय खात होतीस?"

"डाळीचं सूप. अर्धं की-बोर्डावर सांडलं."

मामा हसले, पण ओशाळून. रुदैना मात्र मैसकडे वळली. "आणि तुम्ही न विचारता, उगाचच तोडलंत तर? निकालासाठी कुणी अडून बसलं असेल तर?"

"कधीतरी उगाच तोडीनही. तेव्हा शिव्या द्या, आणि निकाल हाताने लिहून द्या. त्याची तयारी आजच करा."

"मी शहाणपणाने करतेय की नुसती घाबरून, तेच कळत नाही."

"घाबरूनच करा, डॉक्टर. पण करा."

रुदैनाने सही केली. आधी तोडा, मग विचारा.

ईद जवळ आली होती. पुन्हा अजान झाली, पुन्हा एक हात आत आला. हा मैसचा नव्हता. त्याला घाई होती. तो थेट लग्नाळू मुलामुलींच्या कप्प्याकडे वळला. आणि एकाएकी सगळं जग गप्प झालं. मी आंधळा झालो, बहिरा झालो. मेलोच असं वाटलं.

मग खोलीतला दिवा लागला. रुदैना धावत आली, बाळ कडेवर. मागून मामा, मिशीला सूप.

फोनवर मैस होती. "उंबऱ्यावरच अडवला. काही बाहेर गेलं नाही."

"मला विचारलं नाहीस?" मामांनी दरडावलं.

"नाही."

मामांनी मिशीवरचं सूप पुसलं. "बरं केलंस, पोरी."

आज मी अजून बाहेरच्या जगापासून तुटलेलाच आहे. माझा कोपरान् कोपरा झाडून पाहणं चाललंय. भीती गेलेली नाही, जाणारही नाही. पण तुमच्या दुकानातही माझ्यासारखं एखादं मुकं खोकं असेल. त्याच्यासाठी राखणदार निवडाल तेव्हा नकाशे आणि ठिपके बघत बसू नका. एवढंच विचारा, "आम्ही जेवायला बसलेलो असताना तू काय करशील?" आणि तो खरंच काही करणार असेल, तर त्याचे हात बांधू नका. आम्हा खोक्यांना हाक मारता येत नाही हो.