जज्ज प्रुइट यांचं पोट

लेम्युएल प्रुइट ओहायोत वकिली करायचे. ती चालेना, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ते आमच्या मोंटानात जज्ज होऊन आले. आधीचे जज्ज सोनं शोधायला डोंगरात गेले ते परतलेच नव्हते. खुर्ची रिकामी होती, म्हणजे म्हणायला खुर्ची. खरं तर कोर्ट म्हणजे एक छकडा, दोन खेचरं, कायद्याच्या पुस्तकांची थैली आणि मी. मी, डॉर्सी, कोर्टाचा शिपाई. गावोगाव फिरायचं, कुठं गोठ्यात तर कुठं गुत्त्यात कोर्ट भरवायचं, निकाल द्यायचा आणि पुढं निघायचं.

वाटेत स्वयंपाक मी करायचो. मला तो येत नव्हता. घेवडा कधी कच्चा राहायचा, कधी करपायचा, आणि एकदा दोन्ही झालं. प्रुइटसाहेबांचं पोट मुळातच नाजूक. सकाळी ते पोटावर हात ठेवून कोर्टात बसले की वकील हळूच मला विचारायचे, "काल काय शिजवलंस?" मी घेवडा म्हटलं की ते आपल्या अशिलाला सांगायचे, "आज आजारी पड."

अशात ड्राय फोर्क गावी अ‍ॅन्सेल ट्वीडी नावाचा माणूस पकडून आणला. आरोप घोडाचोरीचा. फिर्यादी हॉबर्ट ग्रिग्ज, मोठा गुरांचा मालक. आमच्याकडं घोडाचोराला फाशी व्हायची, त्यामुळं ट्वीडी पांढराफटक पडला होता. गावात तुरुंग नव्हता आणि ज्युरीला माणसं भरेनात, म्हणून त्याला बेडी घालून छकड्यात बसवला आणि पुढच्या गावी निघालो.

संध्याकाळी मी भांडं चुलीवर ठेवलं. ट्वीडीनं आत डोकावून पाहिलं.

"दादा, फाशी द्यायचीय ना मला? मग हे कशाला?"

"तुला जमतं का यापेक्षा बरं?"

"हात मोकळे करा, मग बघा."

मी हात मोकळे केले, पाय छकड्याच्या चाकाला बांधले. त्यानं निखाऱ्यावर पाव भाजला, खारवलेलं डुकराचं मांस परतलं, सुटलेल्या चरबीत कांदा टाकला. जज्जसाहेब तीनदा वाढून घेऊन झोपले आणि सकाळी शीळ घालत उठले. मी त्यांना शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या गावी दोघा भांडखोरांना त्यांनी नुसती समज देऊन सोडलं. ट्वीडीचा खटला मात्र पुढं ढकलला. साक्षीदार दमलेत, म्हणाले. त्यापुढच्या गावी नदीला पूर होता. पूर कोर्टापासून बराच लांब होता, पण साहेबांना काळजी वाटली. उन्हाळा असाच गेला. ग्रिग्ज तक्रार करत प्रत्येक गावी मागं यायचा, आणि आलाच आहे तर जेवून जायचा.

"या चोराला लटकवा एकदाचा," तो म्हणायचा. "अजून एक पाव दे रे, ट्वीडी."

शेवटी ट्वीडीच वैतागला. एका सकाळी कॉफी साहेबांच्या हातात देऊन म्हणाला, "साहेब, माझी बायको कॉटनवुडला वाट बघतेय. फाशी द्या नाहीतर सोडा. पण तुमच्या पोटासाठी मला असं बांधून ठेवू नका."

साहेबांनी कप खाली ठेवला. कान लाल झाले होते. मग मला म्हणाले, "डॉर्सी, परवा हा खटला चालवायचा. याचं खाऊन मला याचा न्याय करता येणार नाही. खटला संपेपर्यंत स्वयंपाक तू कर."

मी केला. खटल्याच्या दिवशी साहेब गुत्त्यातल्या टेबलामागं बसले तेव्हा चेहरा हिरवट होता. आरोपीवर खेकसले, वकिलावर खेकसले, उगाच माझ्यावरही खेकसले. मग ग्रिग्जला उभा केला.

"घोडा गेला त्या रात्री कुठं होतात?"

"गुत्त्यात."

"ट्वीडी होता तिथं?"

"असेल."

"त्याच्याशी काय बोललात?"

"प्यायलेलो होतो, जज्जसाहेब. आठवत नाही."

"ग्रिग्ज, माझ्या पोटात आग पडलीय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला आठवेपर्यंत इथून कुणी हलणार नाही. आणि सगळ्यांचं जेवण डॉर्सी करील."

ज्युरीतले सगळे ग्रिग्जकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, "हॉबर्ट, आठव ना बाबा."

ग्रिग्जनं टोपी दोन्ही हातांत चुरगाळली. "थोडंसं आठवतंय. तो घोडा चावायचा. मी म्हणालो असेन, घेऊन जा ही ब्याद, फुकट. सकाळी शुद्धीवर आलो तर घोडा नाही. मला वाटलं, चोरलाच."

ज्युरी उठलीसुद्धा नाही. जागेवरूनच निर्दोष म्हणाली.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" साहेबांनी ट्वीडीला विचारलं.

"पहिल्याच रात्री सांगत होतो. तुम्ही म्हणालात, ते नंतर, आधी वाढ."

साहेब उठले, सगळ्यांसमोर त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं, ट्वीडी." बेडी त्यांनी स्वतः काढली. जज्जानं कैद्याची माफी मागितलेली आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. मग साहेबांनी चाचरत त्याला पगारी नोकरी देऊ केली.

"नको साहेब," ट्वीडी म्हणाला. "चाकाला बांधून खूप फिरलो." तरी जाताना त्यानं पाव आंबवायचं विरजण डब्यात घालून दिलं.

साहेबांनी तो डबा जिवापाड जपला, पुस्तकांच्या थैलीत ठेवला. ऊन पडलं, विरजण फुगलं, झाकण उडालं. अतिक्रमणाच्या कायद्याची पानं एकमेकांना अशी चिकटली की सुरीनंही सुटेनात. त्यानंतर आमच्या भागात दुसऱ्याच्या कुंपणात शिरल्याबद्दल कुणाला शिक्षा झाली नाही. साहेब म्हणायचे, कायदा वाचल्याशिवाय मी निकाल देत नाही.

पुढं मोंटाना अमेरिकेतलं रीतसर राज्य झालं तेव्हा त्यांनी काम सोडलं आणि कॉटनवुडला घर घेतलं, ट्वीडीनं तिथं काढलेल्या खाणावळीसमोर. रोज दुपारी तिथं जेवायचे आणि मीठ कमी पडलंय म्हणून वाद घालायचे. ट्वीडी म्हणायचा, "अपील करा."