स्वस्तातल्या बंदुकीची कैफियत

मी एक जुनी पंपाची बंदूक आहे. जुनी आहे, स्वस्तातली आहे, आणि या दोन्ही गोष्टींची मला तिळमात्र लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, माझ्या अंगावर नक्षीकाम नाही. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा नाही, काळ्या प्लास्टिकचा आहे. नळीखालची सरकती मूठ जरा खुळखुळते. ती मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की भरलेलं आत बसतं. एवढंच माझं शास्त्र आहे.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, एका पाळीत माझ्यासारख्या शेकडो जणी तयार झाल्या. तिथून मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका दुकानात आले. गुरांचं खाद्य, खिळे आणि रबरी बूट विकणारं ते दुकान होतं. महागड्या बंदुका काचेच्या कपाटात झोपायच्या आणि मी मागच्या भिंतीला साखळीने बांधलेली. गिऱ्हाइकं मला उचलायची, मूठ दोनदा खाटखाट करायची आणि हसून परत ठेवायची. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. एकही काडतूस उडवून न पाहता माझी किंमत ठरवणारे हे कोण?

ट्वायला स्टिडम मात्र हसली नाही. सदुसष्ट वर्षांची विधवा बाई, खोऱ्याच्या अगदी टोकाच्या घरात एकटी राहणारी. तिने तीस वर्षं शाळेची पिवळी बस त्या वळणावळणाच्या रस्त्यावर चालवली होती. त्या उन्हाळ्यात खोऱ्यातली दोन घरं भर दिवसा फोडली होती, आणि शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, गाडी तिच्या दारापर्यंत यायला पाऊण तास लागायचा. लेक्सिंग्टन शहरात राहणारी तिची मुलगी रेनिटा रोज फोनवर एकच धोशा लावायची, "आई, घर विक आणि माझ्याकडे ये." ट्वायलाला ते घर सोडायचं नव्हतं. तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं घर होतं ते. तिने दोनशे वीस डॉलर मोजले आणि मला घेऊन आली.

दुसऱ्याच दिवशी तिचा दीर डिलर्ड आला. खोऱ्यात बंदुकीचा शब्द म्हणजे डिलर्डचा शब्द. घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव खाता खाता त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"वहिनी, हे काय उचलून आणलंत? ही बंदूक आहे की गळक्या नळाचा पाइप?"

"पाइप तर पाइप, भावजी. आधी जेवा, मग नावं ठेवा."

"थट्टा नाही करत. रेनिटाने मला विचारलंय, आई तिथे एकटी राहू शकते का? मी काय सांगू तिला?"

"खरं असेल ते सांगा."

"मग शनिवारी खाणीवर चला. शंभर काडतुसं. कुठे अडकली नाही तर मी स्वतः पोरीची समजूत घालीन. अडकली तर मात्र तुम्ही सामान बांधायचं. कबूल?"

ट्वायलाने त्याच्या ताटात आणखी पाव वाढला आणि म्हणाली, "कबूल."

एका बाईचं राहतं घर माझ्या गळ्यात बांधलं गेलं. तुम्हीच सांगा, तेव्हा माझं काय झालं असेल?

शनिवारी सकाळी आम्ही बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीवर गेलो. ट्वायलाने कानात बोळे घातले आणि डिलर्डपुढेही धरले. त्याने ते झटकले. "चाळीस वर्षं बंदुका उडवतोय. बोळे शहरातल्या लोकांना." पहिला मान त्याने स्वतःकडे घेतला. एक बार झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला मी अडकले.

"बघा! सांगितलं नव्हतं? स्वस्तातला माल!"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी त्याला खडे बोल सुनावले असते. मी अडकले नव्हते, त्याने मला अडकवलं होतं. त्याच्या घरच्या बंदुका एकदा चाप ओढला की पुढचं सगळं आपोआप करणाऱ्या. माझी मूठ तो घाईघाईत अर्धीच ओढत होता. अर्ध्या ओढीत रिकामं काडतूस बाहेर पडत नाही. हा हाताचा दोष आहे, लोखंडाचा नव्हे, पण लोखंडाची बाजू कोण घेणार?

ट्वायलाने घेतली. "भावजी, सरका बाजूला," असं म्हणून तिने मला मोकळं केलं आणि खांद्याला लावलं. बार काढला. मूठ थेट शेवटपर्यंत मागे, थेट शेवटपर्यंत पुढे.

"हे कुठे शिकलात?" डिलर्डने विचारलं.

"बसचं दार तीस वर्षं दांडा ओढून उघडलंय. अर्धवट ओढलं तर पोरांची बोटं चेमटतात. माझ्या बसमध्ये एकाचंही चेमटलं नाही."

सत्त्याण्णव काडतुसं. एकही अडकलं नाही. मी हलकी असल्यामुळे तिच्या खांद्याला जबर धक्के देत होते, तो मात्र माझा खरा दोष, नाकारत नाही. शेवटी तिने नऊ पावलांवर पुठ्ठा उभा केला, कारण तिच्या झोपण्याच्या खोलीपासून तळघराच्या जिन्यापर्यंतचं अंतर नऊ पावलं होतं. सगळे छरे मिळून एका बशीएवढ्या जागेत बसले. म्हणजे नुसतं त्या दिशेला तोंड केलं की झालं, असं नाही; नेम धरावाच लागतो, हे तिने पाहून घेतलं.

डिलर्ड मात्र हट्टाला पेटला. "ती पहिली तीन धरायची नाहीत काय? आणि हे बघा वहिनी, नेमबिम सोडा. नुसती मूठ ओढा, खटाक! तो आवाज ऐकला की चोर धूम पळत सुटतो. बंदूक चालवायची वेळच येत नाही."

खोऱ्यात प्रत्येक जण असंच म्हणतो. न्हाव्याच्या दुकानात म्हणतात, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणतात. मला हे ऐकून संताप येतो. मी काय दारावरची घंटा आहे?

"आणि समोरच्याने नाही ऐकलं तर?" ट्वायलाने विचारलं.

"म्हणजे तो चोरच! मग लगेच चाप."

ट्वायलाने पुठ्ठा उचलून गाडीत टाकला. घरी आणून तिने मला पलंगाशेजारच्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवलं आणि किल्ली गळ्यात घातली. डिलर्डने रेनिटाला अजून काहीच कळवलं नव्हतं. घराचा निकाल तसाच लोंबकळत राहिला.

पुढच्या रविवारी सर्दीने बेजार झाल्यामुळे ट्वायला चर्चला गेली नाही. तिची गाडी मात्र गेली होती, चर्चच्या जेवणाची टेबलं वाहायला शेजारणीने नेली होती. सकाळी अकराच्या सुमारास तळघराच्या दारावर धाडकन आवाज झाला. मग पुन्हा. दार उघडलं आणि जिन्यावर बूट वाजू लागले.

तिने कपाट उघडलं. माझी मूठ तिने पूर्ण ओढली. खटाक. रविवारच्या शांततेत तो आवाज घरभर गेला. बूट थांबले नाहीत.

"कोण आहे? जागचा हलू नकोस!" ती सर्दीने बसलेल्या आवाजात ओरडली.

बूट वर चढतच राहिले. मग जिन्याच्या तोंडाशी एक काळी नळी दिसली. माणूस नव्हे, आधी नळी. खोऱ्याच्या शिकवणीप्रमाणे आता चाप ओढायला हवा होता. मी भरलेली होते, तयार होते. पण तिचं बोट चापावर नव्हतं. ते माझ्या कडेला ताठ टेकलेलं होतं. मला ते जाणवत होतं.

नळीमागून टोपी आली. टोपीखाली डिलर्डचा चेहरा.

त्याने तिला पाहिलं आणि जिन्यातच मटकन बसला. त्याला काही म्हणजे काही ऐकू गेलं नव्हतं. चाळीस वर्षं उघड्या कानांनी बार काढून त्याचे कान मंद झाले होते, जवळचं आणि फोनवरचं बोलणं तेवढं कळायचं, आणि हे त्याने कोणालाच, स्वतःलाही, कबूल केलं नव्हतं. गाडी नाही म्हणजे वहिनी चर्चला, असं समजून तो आपली महागडी बंदूक घेऊन आला होता. ती पलंगाशेजारी ठेवून मला गुपचूप उचलून न्यायचं, हा त्याचा बेत; मी कुलपात असते हे त्याला ठाऊक नव्हतं. ओलीने फुगलेलं तळघराचं दार त्याने खांदा मारून उघडलं होतं.

"वहिनी... तुमची काळजी वाटली म्हणून..."

ट्वायलाने माझ्यातली काडतुसं एकेक करून बाहेर काढली, मला पलंगावर ठेवलं आणि मग ती रडली. चिडून रडली. "मेला असतात, भावजी! माझ्या हातून! त्यांच्या भावाला मी, त्यांच्याच घरात..."

तोही डोळे पुसत होता. मग त्याने रेनिटाला फोन लावला.

"काका, ओरडताय कशाला? झालं काय?"

"तुझ्या आईचं सांगतोय. ती इथे एकटी नीट राहील. तिला हलवू नकोस."

"कशावरून म्हणता?"

"मी तुझ्याशी बोलतोय ना, त्यावरून."

मित्रांनो, त्या दिवशी मी थांबले, असं मी म्हणणार नाही. मला थांबता येत नाही. थांबली ती ट्वायला. तुम्ही मला हात लावू नका. मी कुलपातच बरी. मोठे झालात आणि कधी माझ्यासारखी कोणी घरात आणलीत, तर तिला तेल द्या, तिची मूठ शेवटपर्यंत ओढा, आणि समोरचा चेहरा दिसेपर्यंत बोट बाहेर ठेवा. मला स्वस्त म्हणा, कुरूप म्हणा, माझी हरकत नाही. पण माझ्या आवाजावर विसंबून कोणाचा जीव पणाला लावू नका.