पाठमोरा राक्षस

आमच्या पार्कातल्या रोलर कोस्टरवर पाटी आहे ती एका गाजलेल्या सिनेमाच्या नावाची. आम्ही कामावरचे लोक मात्र त्याला 'एवढंच' म्हणतो. 'आज एवढंच बंद आहे', 'एवढंचची रांग हलेना', असं. कारण गाडीतून उतरणारा प्रत्येक जण, मग तो शाळकरी असो की कोणाचा सासरा, शेजारच्याकडे बघून पहिला शब्द हाच काढतो.

लोकांचं काही चुकत नाही. सिनेमात डोंगराच्या पोटातला राक्षस डोळा उघडायचा तेव्हा भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. इथे गाडी धडधडत गुहेत शिरते, लाल दिवे लागतात, कान बसतील अशी डरकाळी होते आणि समोर दिसते राक्षसाची पाठ. मान, खांदे, कानांच्या पाळ्या. रुसलेल्या पोरासारखा पाठ करून उभा आहे मेला. त्याचं तोंड बघायचं तर गाडी पुढे गेल्यावर मान मोडून मागे वळायला हवं, आणि एवढी हौस कोणाला असते?

नेमका तिथेच कॅमेरा समोरून फोटो काढतो. ते फोटो बाहेरच्या वाटेवर विकायचं काम माझं. दुसऱ्या राइडच्या फोटोंत लोकांची बोबडी वळलेली असते. माझ्याकडच्या फोटोंत कोणी जांभई देतंय, कोणी केस सारखे करतंय. विकणार काय, कपाळ?

हा राक्षस माझ्या बाबांनी केला. पार्कात हे कोणालाच माहीत नाही, कारण मी सांगितलेलं नाही.

बाबा आयुष्यभर नाटकांचे देखावे आणि मोठमोठे पुतळे करत आले. पार्कवाल्यांनी त्यांना ट्रेसिंग पेपरवरचा नकाशा दिला होता. त्या कागदावर एक अक्षर नव्हतं, नुसत्या रेषा, आणि ट्रेसिंग पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. बाबांनी तो टेबलावर पसरला तो उलटा. राक्षस उभा राहिला, पाय काँक्रीटमध्ये पक्के झाले, आणि पहिली गाडी सोडली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की डावीकडचं उजवीकडे झालंय, येणाऱ्या गाडीकडे हवं ते तोंड पलीकडे गेलंय. त्या दिवसापासून बाबांनी पार्कात पाऊल टाकलं नव्हतं.

आता कोस्टरचं नूतनीकरण निघालं. एक आर्किटेक्ट बाई नेमल्या गेल्या. हे ऐकल्यापासून बाबांचं एकच पालुपद. "ठमे, त्याला फक्त फिरवायचाय गं. घोट्यापाशी कापायचा, फिरवायचा, पुन्हा सांधायचा. मी करून देतो. तू नुसतं विचार त्यांना, मला बोलावतील का?"

"विचारते," मी म्हणायचे. रोज म्हणायचे. विचारणार कशी? 'ज्याने हा बनवला तो झोपेत होता का पिऊन होता?' हा आमच्या तिकीटवालीचा आवडता विनोद, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्याने मी हसायचे. उद्या 'तो माझा बाप' म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?

परवा आर्किटेक्ट बाई माझ्याच काउंटरवर येऊन बसल्या. लोकांचे चेहरे बघायचे होते त्यांना. पडद्यावरचे फोटो एकेक करून बघत म्हणाल्या, "हा राक्षस भंगारात काढू. तिथे मोठा पडदा लावू, त्यावर सिनेमातलाच तुकडा दाखवू. तुम्हाला काय वाटतं?"

आता बोल, असं मन ओरडत होतं. मी म्हटलं, "बरं होईल की."

तेवढ्यात नवा फोटो आला. मागच्या सगळ्या रांगा नेहमीसारख्या कंटाळलेल्या. पहिल्या रांगेत मात्र चेहराच नव्हता. होतं पांढऱ्या केसांचं डोकं, मागून. माणूस पट्ट्यात अडकलेला असूनही कमरेतून पूर्ण वळून मागे बघत होता. शर्टाची कॉलर कडक होती. सकाळी मीच इस्त्री केली होती ती.

"अरे वा! हा बघा," बाई पुढे झुकल्या. "या गाडीत एकाला तरी काहीतरी दिसलंय. कोण आहेत हे? ओळखता?"

"चेहरा कुठे दिसतोय?" मी म्हटलं. "असेल कोणी म्हातारा. नाहीतरी तिथे बघण्यासारखं काय आहे?"

मान वर केली तर काउंटरपलीकडे बाबा उभे. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाई हसून म्हणाल्या, "आजोबा, हे तुम्हीच ना? मागे काय बघत होतात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. मग म्हणाले, "काही नाही. मान अवघडली होती जरा." आणि माझ्याकडे वळून, "ताई, तेवढा फोटो द्याल का मला?"

ताई. द्याल. जन्मात त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. माझं खोटं माझ्या अंगाशी येऊ नये म्हणून, ज्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते ते त्यांनी मुकाट्याने सोडून दिलं. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे माझे बाबा आहेत," मी म्हटलं. "राक्षस यांनीच केलाय. फिरवून द्यायलाही तयार आहेत."

तिकीटवाली खिडकीतून डोकं काढून बघायला लागली. बाई गोंधळल्या. "अहो, मग मघाशी..." एवढं म्हणून त्या थांबल्या, आणि ते थांबणंच मला जास्त लागलं. मग बाबांना म्हणाल्या, "तोंड चांगलं झालंय का त्याचं?"

"एकदा मागे वळून बघा," बाबा म्हणाले. "उलटा बसलाय, चूक माझी. तोंडात खोट नाही."

बाई खरंच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, आणि परत आल्यावर त्यांनी बाबांना दुसऱ्या दिवशी नकाशे बघायला बोलावलं. बाबांनी मान डोलावली. फोटो घेतला, माझ्याकडे बघून 'आभारी आहे' म्हणाले आणि गेले. मला वाटलं, बाईंसमोर सोंग निभावतायत. घरी गेले की शिव्या घालतील, आणि घालाव्यात, मी मुकाट ऐकून घेईन.

संध्याकाळी घरी पोचले. दार त्यांनीच उघडलं. रागावलेले दिसत नव्हते. बाजूला होऊन त्यांनी मला वाट करून दिली.

"आलात?" म्हणाले. "बसा, पाणी आणतो."