हाताला गरम लागलेला खोका

मालवाहू विमान उड्डाणाआधी जागीच पेटलं. वैमानिक उड्या मारून वाचले, पण माल चढवणाऱ्या मुकादमाला तीन दिवस चैन पडेना. बॅटऱ्यांचा एक खोका हाताला गरम लागला होता, तरी त्याने घाईत तो तसाच चढवला होता.

"अहो, नुसत्या येरझारा काय घालताय? जाऊन सांगून टाका," बायको म्हणाली.

त्याने तपास अधिकारी बाईंना सगळं भडाभडा सांगितलं.

"आग पुढे, ऑक्सिजनच्या नळीपाशी लागली," बाई म्हणाल्या. "तुमचे खोके मागे शाबूत आहेत."

म्हणजे आग त्याच्यामुळे लागली नव्हती. तरी तो म्हणाला, "माझं लिहून घ्या."

"तुमच्यावरच शेकेल हं."

"शेकू दे. उद्याच्या विमानातही माणसं असतीलच की."

बाईंनी कागद पुढे ओढला.